गोव्यात मशीन लवकर का जातात, आणि साफसफाईत नेमकं काय राहून जातं

पर्वरीच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. त्यांना पुण्याहून इथे येऊन दोन वर्षं झाली, फ्लॅट नवा, उपकरणं नवी, घर रोज पुसलं जातं. तरी वॉशिंग मशीनला कुबट वास येतो, फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं, बेडरूमचा एसी आतून ठिबकतो आणि आता गीझरही गळायला लागलाय. सर्व्हिसवाला म्हणतो बदला. पुण्यात असलीच उपकरणं आठ-दहा वर्षं चालायची, मग इथे आपलं काय चुकतंय?

ताई, तुमची साफसफाई कमी पडत नाहीये, जागा चुकतेय. माझं फोंड्याला रिपेअरिंगचं दुकान आहे, फ्रिज, मशीन, एसी, गीझर सगळं बघतो, पणजी-पर्वरीचेही कॉल असतात, आणि बहुतेक घरांत मी बघतो की मशीन बाहेरून चकाचक पुसलेलं असतं नि खालची झाकणी उघडली की आतून गटाराचा वास येतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते, वर समुद्राकडची खारी हवा. इथे मशीन वापरून झिजत नाही हो, आत थांबलेल्या पाण्याने आणि गंजाने जातं. म्हणून माझं एकच म्हणणं असतं, फडकं घेऊन मशीनच्या समोर उभं राहू नका, ह्या मशीनमध्ये पाणी कुठून जातं, कुठे थांबतं नि कुठे सुकतं ते एकदा शोधा, आणि फडकं तिथे मारा.

वॉशिंग मशीनपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त कॉल त्याचेच. तुमचं फ्रंट लोड असणार, कुबट वास म्हटलं की बहुतेक तेच. दाराच्या रबराची जी घडी असते ना, ती बोटाने उलटी करून बघा, खालच्या बाजूला पाणी, केस, धागे आणि काळी बुरशी सापडेल. ती रोज शेवटचं कापड काढल्यावर सुक्या फडक्याने पुसायची, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण खरा वास तिथून नसतोच बऱ्याचदा, तो खालून येतो. मशीनच्या पुढच्या बाजूला तळाशी एक छोटी झाकणी असते, आत ड्रेन पंपाचा फिल्टर. कितीतरी लोकांना मशीन घेऊन वर्षं झाली तरी ती झाकणी उघडते हेच माहीत नसतं! प्लग काढा, खाली पसरट ताट किंवा ट्रे ठेवा, शेजारी बारीक नळी असेल तर आधी तिचं बूच काढून पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू उलटा फिरवून काढा. एकदम फिरवलात तर सगळं पाणी लादीवर. आत काय काय सापडतं विचारू नका, नाणी, सेफ्टी पिना, शर्टाची बटणं, देवळातल्या प्रसादाची पुडी, आणि सगळ्याला धरून ठेवलेला राखाडी चिखल. हे महिन्या-दीड महिन्याने करायचं. पाणी नीट जात नाही म्हणून पंप बदलायला लोक बोलावतात आणि बऱ्याच वेळा नुसता फिल्टर धुवून काम होतं.

तो राखाडी चिखल मुळात येतो कुठून तर साबणातून. थंड पाण्यात सदानकदा धुवायचं, पावडर दुप्पट घालायची, वर सुगंधी कंडिशनर, मग हे सगळं ड्रमच्या मागे जाऊन बसतं जिथे आपला हात पोचत नाही. ड्रमला मागून धरणारा जो ॲल्युमिनियमचा तीन पायांचा सांगाडा असतो, आम्ही त्याला स्पायडर किंवा ट्रायपॉड म्हणतो, तो ह्या साबणाच्या थराखाली हळूहळू खाल्ला जातो. एक दिवस स्पिनला खडखड आवाज सुरू, मग दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस म्हणतो नवीनच घेऊया. तर पावडर मोजून घाला, फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ असं नसतं, आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० डिग्रीला किंवा टब क्लीनवर चालवा. साबणाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो, तो काढून वरच्या छताला ब्रश मारा, तिथे लोंबणारी बुरशी बघितलीत की जेवण जाणार नाही. धुवून झाल्यावर दार आणि ड्रॉवर दोन्ही थोडे उघडे ठेवायचे, फक्त घरात लहान मूल असेल तर दारावर लक्ष पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, काही धंदेवाल्या मित्रांना राग येईल. दर सर्व्हिसला जी डीस्केलिंग पावडर विकतात ती आपल्याकडे बहुतेक घरांत लागतच नाही. डीस्केलिंग हे जड, म्हणजे क्षाराच्या पाण्याचं औषध आहे, टँकर-बोअरवेलवाल्या गावांत ठीक आहे. आपलं नळाचं पाणी नदीचं, तुमच्या बार्देशात अस्नोड्याच्या प्लांटचं, आमच्या फोंड्याला आणि पणजीला ओपाचं, दक्षिणेला साळावलीचं, हे पाणी मऊ असतं. जांभ्यातल्या विहिरींचंही बहुतेक मऊच, उलट थोडं आंबट आणि खाण पट्ट्यात लोहाचं. म्हणून आपल्याकडे पांढरा क्षार कमी, बुळबुळीत थर आणि लाल डाग जास्त. पांढरे कपडे पिवळट-लालसर पडतात ते पावडरीमुळे नव्हे, टाकीतल्या लाल गाळामुळे. समुद्राजवळची बोअरवेल असेल तर गोष्ट वेगळी, एप्रिल-मेमध्ये काही ठिकाणी पाणी खारट होतं, तिथे मशीनला ते पाणी देऊच नका.

आणि त्या टाकीवरून आठवलं, जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की नळाला गढूळ पाणी येतं, आणि आठवड्यात मला फोन सुरू होतात की मशीन पाणी घेत नाही. मशीनच्या मागे जिथे पाइप जोडलेला असतो तिथे एक नखाएवढी जाळी असते, ती मातीने बंद होते. नळ बंद करा, पाइप सोडवा, जाळी पकडीने हलकेच ओढून जुन्या टूथब्रशने धुवा. बस. गीझर आणि प्युरिफायर जोडलेलं असेल तर तिथेही अशीच जाळी असते. टाकी वर्षातून दोनदा धुवून घ्या, पावसाआधी एकदा नि गणेश चवथीनंतर एकदा.

बाल्कनीत मशीन ठेवलं असेल तर पावसाच्या शिंतोड्यांपासून आडोसा करा, आणि तळाला उंदराची जाळी आहे का बघा. भाटाला, म्हणजे माडा-झाडांच्या बागेला लागून घर असेल तर हे विसरू नका, उंदीर आत शिरून वायरी कुरतडतो आणि त्याला वॉरंटी नसते.

आता फ्रिज. भाजीच्या ट्रेखाली पाणी म्हणजे नव्वद टक्के वेळा मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं ड्रेनचं भोक तुंबलंय. फ्रिजच्या आतल्या मागच्या भिंतीवर दव जमतं, ते ओघळून त्या भोकातून मागे कॉम्प्रेसरच्या वरच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने तिथे सुकतं, असा सगळा हिशोब आहे. कोथिंबिरीचं एक पान, शिताचा दाणा, पिशवीचा तुकडा तिथे अडकला की पाणी उलट आत. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या, कोमट पाणी भरा आणि भोकात सोडा, दोन-तीनदा केलं की मोकळं होतं. तार घालू नका, आतला पाइप फाटतो. काही डबल डोअर मॉडेलमध्ये हे भोक फ्रीझरच्या मागच्या पॅनलच्या आत असतं, ते दिसत नसेल तर उगाच पॅनल उचकटू नका, तेवढ्यासाठी माणूस बोलवा.

आणि मागचा ट्रे! तो कुणी बघितलाय का कधी? फ्रिज भिंतीपासून ओढा, प्लग काढा, कॉम्प्रेसरच्या वर बघा. मासळीचं पाणी, दुधाचं पाणी सगळं शेवटी तिथेच येतं, फ्रिज आतून कितीही सोड्याने पुसला तरी वास जात नाही तो ह्यामुळे. दुसरं म्हणजे पावसाळ्यात ते पाणी सुकत नाही आणि डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या थोड्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून आरोग्य खात्याची माणसं घरी तपासणीला आली की कुंड्यांबरोबर फ्रिजचा ट्रेही विचारतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा पावसात दर आठवड्याला ट्रे बघून रिकामा करा. काहींचा ट्रे स्क्रूने बसवलेला असतो, मग जुनं कापड घालून पाणी टिपून घ्या.

आपल्याकडचा एक खास प्रकार म्हणजे मे महिन्याच्या शेवटचा फ्रीझर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून त्याआधी सुंगटं (कोळंबी), इसवण (सुरमई), जे मिळेल ते साफ करून पिशव्या भरभरून फ्रीझरमध्ये कोंबतात. बरोबर आहे, आम्हीही ठेवतो, नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय दोन महिने कोण काढणार. पण फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंड हवा फ्रीझरच्या मागच्या जाळीतून खेळते आणि खाली येते. ती जाळी पिशव्यांनी झाकली की फ्रीझर थंड आणि खाली दूध नासतंय. मग फोन येतो, गॅस गेला वाटतं. गॅस नाही गेला, इसवण आडवी आलीय. मागे चार बोटं जागा सोडा, पिशव्या सपाट करून गोठवा, आणि डबा घट्ट झाकणाचा वापरा म्हणजे पाणी ड्रेनमध्ये जाणार नाही. सिंगल डोअरवाल्यांनी बर्फात अडकलेली मासळी सुरीने उचकटायची नाही, त्या बर्फाखाली गॅसची नळी असते, एक भोक आणि काम संपलं. शिवाय आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, सुरी लागून फुस्स आवाज आला तर खिडक्या उघडा आणि आसपासचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

दाराच्या रबराच्या खाचा साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, मग दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून आला तर तिथून हवा जातेय. जुलैत फ्रिजला बाहेरून घाम येतो, तो थोडाफार येणारच, त्यासाठी थर्मोस्टॅट फुल करू नका, उलट जास्त येईल. खाली ४ डिग्री, फ्रीझर उणे १८, पुरे. फ्रिजचे पुढचे पाय आणि तळाचा पत्रा मात्र बघत जा, लादी पुसताना ओलं पोछं तिथेच आपटतं आणि गंज तिथूनच चढतो. प्लॅस्टिकचा स्टँड घेऊन टाका.

एसी. ह्यात दोन वेगळी दुखणी आहेत, आतलं आणि बाहेरचं. आतून ठिबकणं हे बहुतेक ड्रेनचं दुखणं. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवून सावलीत सुकवून लावायचा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. फिल्टर चोंदला की कॉइलवर बर्फ जमतो आणि तो वितळून भिंतीवरून ओघळतो. फिल्टर साफ असूनही ठिबकत असेल तर ड्रेन पाइपात बुळबुळीत थर जमलाय, बाहेरच्या टोकाला ओला-सुका व्हॅक्यूम लावून ओढला की येतो. आणि जाता जाता बाहेरच्या टोकाला बघा हं, तुम्ही झाडांना घालायला बादली ठेवली असेल आणि पाइपाचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर पाणी मागे तुंबतं. टोक पाण्याच्या वर पाहिजे. रात्री बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर ठेवा म्हणजे कॉइल सुकते, तो जो सुरुवातीला ओल्या गोणपाटाचा वास येतो तो न सुकलेल्या कॉइलचा. पावसात ड्राय मोड वापरा. तापमानाचं म्हणाल तर स्टार लेबलवाल्या एसींना २०२० पासून कंपनीतूनच २४ डिग्री सेट करून देतात, तिथेच राहू द्या, १८ ला लावून पांघरूण घ्यायचं आणि मग भिंतीला ओल आली म्हणून सिव्हिलवाल्याला शिव्या द्यायच्या ह्याला अर्थ नाही.

बाहेरचं युनिट हे खरं विसरलेलं मूल. मिरामार, दोना पावला, कळंगुट, कोलवा, जिथे समुद्राची हवा सरळ लागते तिथे फिन्सवर, म्हणजे मागच्या पातळ पत्र्यांवर मिठाचा थर बसतो आणि ॲल्युमिनियम हाताला पिठासारखं सुटतं. एमसीबी बंद करून महिन्या-दोन महिन्याने साध्या गोड्या पाण्याने, झारीसारख्या हलक्या धारेने वरून खाली धुवायचं. गाडी धुवायचा प्रेशर पंप मारू नका, फिन्स झोपतात. तुम्ही पर्वरीला म्हणजे नदीच्या वर, मीठ तेवढं नाही लागणार, पण तरी ज्या लोखंडी ब्रॅकेटवर ते युनिट लटकतंय तो ब्रॅकेट बघा. एवढं जड युनिट गंजलेल्या दोन कोनांवर आणि चार बोल्टांवर, खाली लोकांची पार्किंग. मी एसी बघायला जातो तेव्हा आधी ब्रॅकेट हलवून बघतो. पापुद्रे सुटत असतील तर बदला, नवीन घेताना स्टेनलेसचा घ्या, आणि हे काम स्वतः खिडकीतून वाकून करायचं नाही, कृपा करून. पाल आणि मुंग्यांचंही सांगून टाकतो, बाहेरच्या युनिटच्या सर्किट बोर्डावर पाल आडवी पडून शॉर्ट झालेले बोर्ड दुकानात नेहमीचे आहेत. वायर आत जाते ते भोक पुट्टी लावून बंद करून घ्या, स्वस्तातला इलाज आहे.

स्वयंपाकघरातलं पटापट सांगतो. मिक्सर एकदम बंद पडला तर दुकानात आणायच्या आधी उलटा करा, खाली लाल बटण असतं, ओव्हरलोड झाल्यावर ते बाहेर येतं, दहा मिनिटं थांबून दाबा. खोबऱ्याचं वाटण रोजचं, त्यात ओली मिरची, धणे, सोलां (कोकम), लोकं सलग दहा मिनिटं फिरवत बसतात. थोडं फिरवा, थोडं थांबा, कोमट पाणी घाला. जारच्या तळाशी ब्लेडच्या खाली खोबऱ्याचा चोथा बसतो तिथे थोडं पाणी नि साबणाचा थेंब घालून फिरवा, मग जार उलटा ठेवून सुकवा. जार बादलीत बुडवून ठेवलात तर ब्लेडच्या दांड्याचा बुश जातो आणि काळं तेल चटणीत येतं.

चिमणीच्या जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतील तर कॉस्टिक सोडा अजिबात नको, धातू खातो आणि वर पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण, खायचा सोडा, अर्धा तास. ऑटो क्लीन असली तरी तेलाचा कप आपल्यालाच रिकामा करावा लागतो, बांगडे तळणाऱ्या घरात तर पंधरवड्याला. आणि साफसफाईचं आणखी एक, ब्लीच आणि ॲसिड, म्हणजे टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर, कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बाथरूम बंद असेल तर जिवावर येतं. व्हिनेगर वापरायचंच तर बाजारातलं पांढरं सिंथेटिक घ्या, माडाचं चांगलं व्हिनेगर मशीनमध्ये ओतू नका, ते सोरपोतेलच्या मटणाला ठेवा.

गॅसचा नारिंगी सुरक्षा पाइप, त्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदलायचा, दिसायला चांगला असला तरी. आज हे वाचून झाल्यावर उठून ती तारीख बघाच.

प्युरिफायरचं थोडक्यात, नळाचं नदीचं पाणी असेल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या आधी, पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे आणि आपलं त्याच्या कितीतरी खाली असतं, मग आरओ कशाला, यूव्ही-यूएफ पुरे. कुठलंही असो, आतली साठवणीची टाकी धुवायला कुणी सांगत नाही, तीही बुळबुळीत होते. यूव्ही दिवा निळा दिसतो म्हणजे काम करतो असं नाही, साधारण वर्षभराने त्याचा जोर उतरतो.

विजेचं मात्र सविस्तर सांगणार, कारण इथे मशीन नाही, माणूस जातो. मेन बोर्डावर एमसीबीच्या शेजारी एक जाडसर स्विच असतो, त्यावर टी लिहिलेलं बटण असतं, तो आरसीसीबी. लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिअँपियर करंटची गळती झाली की त्याने पडायला पाहिजे. महिन्यातून एकदा ते बटण दाबा, खटकन पडला तर ठीक, नाही पडला तर तो शोभेचा आहे, त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन. काही घरांत पावसाळ्यात तो सारखा पडतो म्हणून कुणीतरी शहाणा बायपास करून जातो. पडतोय म्हणजे गीझर, मोटर किंवा बाहेरच्या दिव्यात ओल शिरलीय, एकेक सर्किट बंद करत शोधायचं, त्याचं तोंड बंद करायचं नाही.

स्वतंत्र घर असेल तर अर्थिंगचा खड्डा. जांभा दगड उन्हाळ्यात ठणठणीत सुकतो आणि अर्थिंग नावालाच उरतं, म्हणून जुनी माणसं मार्च ते मे त्या खड्ड्यात रोज नाही तरी आठवड्याला दोन कळशा पाणी ओतायची. आता त्यावर पेव्हर घातलेत आणि खड्डा कुठे आहे हेच घरच्यांना ठाऊक नाही. शोधून काढा. विजांचा मोसम आपल्याकडे मे-जून आणि परत ऑक्टोबर, तेव्हा टीव्हीचा नुसता प्लग काढून पुरत नाही, डिशची किंवा केबलची वायर आणि राउटरची वायरही काढा, बरेच टीव्ही त्या बाजूने जातात. गीझर-एसीचा प्लग कधीतरी काढून पिना बघा, काळ्या पडल्या असतील तर बहुतेक सॉकेट सैल आहे, हिरवट असतील तर ओल लागलीय. इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, दोन-तीन महिन्यांनी लेव्हल बघायची, टर्मिनलला व्हॅसलीन.

आणखी एक बंद घरांचं. मुंबई-पुण्याला असलेली माणसं चवथीला येऊन घर उघडतात आणि दोन दिवसांत मला चार घरचे फोन. गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायची सोडून फ्रिजशी झटापट. घर बंद करताना फ्रिज रिकामा करून, सुकवून, प्लग काढून दारात कापडाची घडी अडकवून थोडं उघडं ठेवायचं. बंद ठेवलात तर आतल्या बुरशीचा वास रबरात आणि प्लॅस्टिकमध्ये जातो आणि मग तो जात नाही. वॉशिंग मशीनचा फिल्टर काढून सगळं पाणी सोडून द्यायचं, दार उघडं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं की झुरळं वर येतात, शेवटी तिथे तांब्याभर पाणी नि वर चमचाभर तेल सोडायचं, तेलामुळे पाणी लवकर उडत नाही. पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे ओल लागू नये म्हणून, पण तो फिलामेंटचा, त्याची ऊब यायची, आताचा एलईडी झिरो नुसता उजेड देतो.

आता तुमचा गीझर, मुद्दाम शेवटी ठेवला कारण तिथे पैशाचा प्रश्न आहे. आधी बघा कुठून गळतोय. बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब येत असेल तर ते त्याचं कामच आहे, पाणी तापून फुगतं त्याला वाट लागते. त्याला बूच मारू नका, मारलेलं मी बघितलंय आणि ते बॉम्ब घरात ठेवण्यासारखं आहे. सतत धार येत असेल तर व्हॉल्व्ह बदला, छोटा खर्च. खालच्या फ्लँजच्या, म्हणजे बोल्टांच्या झाकणीच्या गास्केटमधून पाझरत असेल तर तेही होतं. पण टाकीच्या शिवणीतून, इन्सुलेशनमधून तांबूस पाणी येत असेल तर टाकी गेली, मग सर्व्हिसवाला खरं बोलतोय, बदला.

आणि दोन वर्षांत टाकी का जाते तर आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, अ‍ॅनोड म्हणतात, टाकीच्या आधी तो स्वतः झिजतो म्हणजे टाकी वाचते. आपल्या मऊ, आंबटसर पाण्यात, त्यात विहिरीचं असेल तर अजून, तो लवकर संपतो. आणि संपला हे बाहेरून कळत नाही. नवीन घ्याल तेव्हा पहिल्या वर्षाच्या शेवटी फ्लँज उघडून रॉड बघायला सांगा, पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर बदला, त्यावरून पुढच्या वेळेचा अंदाज येतो. त्याच वेळी तळाचा लाल गाळ काढून घ्या. घेतानाच ग्लासलाइन, म्हणजे आतून काचेचा लेप असलेल्या टाकीचा घ्या. आणि बिलाचा नि वॉरंटी कार्डाचा दुकानातच फोटो काढून ठेवा, ती बिलं थर्मल कागदाची असतात, एका पावसाळ्यात कपाटात कोरी होतात नि मग क्लेम करायला गेलात की समोरचा म्हणतो ह्यावर काही लिहिलेलंच नाही.